चौतीस चौकोनांचे पान

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी रोज फ्रान्समधल्या तिओंव्हीलहून रेल्वेने कामाला येते. तिच्या खणात एक छोटी निळी वही असते आणि दर जानेवारीत त्या वहीच्या नव्या पानावर ती पट्टीने ३४ चौकोन आखते. ज्या दिवशी घरी बसून काम केले त्या दिवशी एक चौकोन पेन्सिलीने भरायचा आणि कडेला तारीख लिहायची, हा तिचा शिरस्ता. लक्झेंबर्गने आपल्या तिन्ही शेजाऱ्यांशी केलेल्या करारांनुसार सीमेपलीकडे राहणारा नोकरदार वर्षातले ३४ दिवस आपल्या देशात बसून काम करू शकतो आणि तरीही त्याच्या पगारावरचा कर लक्झेंबर्गलाच जातो. ३५ वा दिवस भरला, की मात्र बाहेर काम केलेल्या सगळ्याच दिवसांवर, अगदी पहिल्या दिवसापासून, त्याच्या राहत्या देशाचा हक्क लागू होतो. म्हणून एक चौकोन मुलीच्या तापासाठी, दोन रेल्वेच्या संपासाठी, एक नळदुरुस्तीवाला येणार म्हणून, असे ते पान ती महिनाअखेरच्या साखरेसारखे पुरवून पुरवून वापरते.

सुरुवातीला मला त्या वहीचे हसू यायचे. आता येत नाही, कारण या देशात आठ वर्षे काढल्यावर माझी अशी खात्री झाली आहे, की जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांत गणल्या जाणाऱ्या या चिमुकल्या राज्याचा आर्थिक पेच त्या एका पानावर मांडलेला आहे. तो वाचता यायला मला वेळ लागला, इतकेच.

लक्झेंबर्ग माझ्या आयुष्यात देश म्हणून आलेच नाही. मी मूळची सावंतवाडीची, बी. कॉम. झाल्यावर पुण्याला गेले आणि हडपसरच्या एका कार्यालयात दुपारच्या पाळीत म्युच्युअल फंडांची एनएव्ही काढू लागले. फंडाकडे आज किती रोखे, किती समभाग, त्यांची आजची किंमत काय, त्यातून देणी वजा किती, आणि उरलेल्या रकमेला युनिटांच्या संख्येने भागले की येतो तो आकडा. तो युरोपातला बाजार मिटल्यावर ठरावीक वेळेत पुढे पाठवायचा. आमच्या पडद्यावरच्या जवळजवळ प्रत्येक फंडाच्या नावापुढे लक्झेंबर्ग लिहिलेले असे. पैसा जर्मन शिक्षिकेचा, गुंतवणूक जपानी कारखान्यात, व्यवस्थापक लंडनमध्ये, हिशेब पुण्यात. मग लक्झेंबर्ग यात नेमके काय करते, असा प्रश्न मी एकदा वरिष्ठांना विचारला होता. ते म्हणाले, "अगं, ते पत्ता देतात." डिसेंबर २०१७ मध्ये, इथली नवी ट्राम किर्शबर्गच्या पठारावर पहिल्यांदा धावू लागली त्याच महिन्यात, मी त्या पत्त्यावर राहायला आले.

आकड्यांपासूनच सुरुवात करते, कारण तो माझा धंदा आहे. या देशाचे क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्यापेक्षा कमी. लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आसपास, आणि त्यातले निम्म्याला थोडे कमी लोक परदेशी नागरिक. दरडोई उत्पन्नाचा तक्ता उघडला, की हा देश युरोपीय संघाच्या सरासरीच्या दुपटीहूनही वर बसलेला दिसतो. मात्र तो आकडा काढताना अंशात जे धरले जाते आणि छेदात जे धरले जाते, त्यांचा मेळ बसत नाही. इथल्या नोकऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या नोकऱ्या रोज सीमा ओलांडून येणाऱ्यांकडे आहेत. त्यांची संख्या सव्वादोन लाखांच्या पुढे आहे; त्यात निम्म्याहून अधिक फ्रान्सचे, उरलेले बेल्जियम आणि जर्मनीचे. त्यांनी दिवसभरात जे कमावून दिले ते अंशात येते. संध्याकाळी साडेपाचच्या गाडीने ती माणसे परत गेली, की छेदातून मात्र गळतात. अशी एनएव्ही मी पुण्यात सादर केली असती, तर वरिष्ठांनी फाइल परत फेकली असती. प्रत्यक्ष घराघरांतल्या उपभोगाचा आकडा पाहिला, तर हाच देश सरासरीच्या तीस-चाळीस टक्केच वर दिसतो. तेही थोडे नाही, पण दुपटीहून खूपच खाली आहे.

या विसंगतीचा खरा अर्थ मला आमच्या इमारतीच्या सफाईचे काम पाहणाऱ्या पोर्तुगीज बाईंनी शिकवला. मी एश शहरात राहते. दक्षिणेकडचे हे जुने पोलादाचे गाव फ्रान्सच्या सीमेला टेकून आहे आणि इथे पोर्तुगीज वस्ती मोठी आहे. मी गोव्याच्या शेजारची आहे हे कळल्यापासून त्या बाई मला अर्धी नातेवाईक समजतात. आम्हीही पाव म्हणतो आणि बटाटा म्हणतो, याचा त्यांना कोण आनंद झाला होता! तीस वर्षे त्या एशमध्ये राहिल्या. दोन मुले मोठी झाली, दोन खोल्यांत मावेनाशी झाली, आणि मोठे घर भाड्याने घेणेही जमेना तेव्हा त्यांनी सीमेपलीकडच्या ओदँ-ल-तीशमध्ये घर घेतले. ते गाव एशला लागूनच आहे. गावात शिरताना देश बदलल्याचे फक्त पाटीवरून कळते. त्या आजही सकाळी सहाला आमचा जिना पुसतात. फरक एवढाच पडला, की ते कुटुंब लक्झेंबर्गच्या छेदातून बाहेर गेले, बाईंचे काम अंशात राहिले, आणि देशाचे दरडोई उत्पन्न कणभर वाढले. एका कामगार कुटुंबाला देशात राहणे परवडेनासे झाले, की देश कागदावर अधिक श्रीमंत होतो, असे हे गणित आहे.

घरांचा प्रश्न इथे प्रत्येक गप्पेत निघतो. राजधानीत नवा फ्लॅट घ्यायचा तर चौरस मीटरला दहा हजार युरोंहून अधिकच मोजावे लागतात. २०१० नंतरच्या बारा वर्षांत किमती दुपटीहून वर गेल्या. २०२२ मध्ये व्याजदर चढले तेव्हा त्या थोड्या उतरल्या, पण तेव्हा कर्ज घेण्याची ऐपतही उतरली आणि बांधकाम व्यवसाय आडवा झाला, त्यामुळे स्वस्ताईचा लाभ कोणालाच मिळाला नाही. गंमत म्हणजे या देशात जागा नाही असे नाही. आमच्या रस्त्यावर दोन घरांच्या मध्ये पडलेल्या दातासारखी एक रिकामी जागा आहे. तिथे उन्हाळ्यात गवत वाढते, कोणीतरी ते कापून जाते आणि पुढच्या वर्षी ती जागा तशीच असते, फक्त अधिक महाग. मालकाला घाई नाही, कारण इथला मालमत्ता कर अजूनही १९४१ साली ठरवलेल्या मूल्यांवर आधारलेला आहे. म्हणजे देश जर्मनीच्या ताब्यात असताना लावलेली किंमत. कित्येक लाख युरोंच्या घरावर वर्षाचा कर शे-दीडशे युरो येतो. जमीन अडवून ठेवणे हा इथला सर्वांत निर्धोक गुंतवणूक प्रकार आहे. हा कर सुधारण्याचे आणि रिकाम्या भूखंडांवर वेगळा कर लावण्याचे विधेयक २०२२ मध्ये मांडले गेले. त्याला होणारा उशीर समजून घेण्यासाठी मतदारयादी पाहावी लागते, आणि त्या यादीकडे मी पुढे येणारच आहे.

त्याआधी पैसा कुठून येतो ते पाहू. या देशाने आपली उपजीविका दोन-तीनदा मुळापासून बदलली आहे. एकोणिसाव्या शतकात इथली गावे उपाशी होती आणि लोक बोटी धरून अमेरिकेला जात होते. दक्षिणेच्या डोंगरांत लोहखनिज भरपूर होते, पण त्यात फॉस्फरस फार, त्यामुळे पोलाद ठिसूळ होई. १८७९ मध्ये गिलख्रिस्ट आणि टॉमस या एकमेकांचे नातेवाईक असलेल्या दोन इंग्रजांची फॉस्फरस काढून टाकण्याची पद्धत आली, लक्झेंबर्गच्या कारखानदारांनी तिचे हक्क लगोलग घेतले, आणि कालपर्यंत माणसे बाहेर धाडणारा देश इटलीहून मजूर आणू लागला. १९११ मध्ये आर्बेड ही कंपनी स्थापन झाली आणि पुढची साठेक वर्षे देश म्हणजे आर्बेड असे समीकरण राहिले. १९७४ साली इथे सुमारे ६४ लाख टन पोलाद तयार झाले. पुढच्याच वर्षी ते ४६ लाख टनांवर आले. ज्या देशातली कितीतरी घरे भट्टीवर चालत होती, तिथे याचा अर्थ काय झाला असेल, याची कल्पना गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला वेगळी सांगायला नको.

पण गिरणगावात जे झाले ते इथे झाले नाही. सरकार, मालक आणि कामगार संघटना एका टेबलाभोवती बसल्या. १९७७ मध्ये या त्रिपक्षीय बैठकीला कायद्याचे रूप मिळाले, सर्वांवर एकजुटीचा कर बसवला गेला, आणि जादा ठरलेल्या कामगारांना घरी न पाठवता सार्वजनिक कामांवर नेमले गेले. भट्ट्या विझत गेल्या, पण हळूहळू, माणसे निवृत्त होतील त्या वेगाने. शेवटची खाण १९८१ मध्ये मिटली आणि बेल्व्हालची अखेरची झोतभट्टी १९९७ मध्ये थंड झाली. माझ्या घरापासून बेल्व्हाल चालत वीस मिनिटांवर आहे. तिथल्या तीन भट्ट्यांपैकी एक चीनला विकली गेली. उरलेल्या दोन गंजरोधक रंग लावून उभ्या आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी आता विद्यापीठ आहे. आर्बेड २००२ मध्ये आर्सेलोर झाली, आणि २००६ मध्ये लक्ष्मी मित्तलांनी ती घेतली तेव्हा इथे झालेली घालमेल वृत्तपत्रांतून जगभर गेली. मी भारतीय आहे असे कळले, की एशमधली सत्तरीची माणसे अजूनही मला त्याबद्दल विचारतात, जणू त्या बैठकीत मी चहा नेला होता.

पोलाद जात असताना जे आले ते कायद्याच्या पोटातून आले. १९२९ च्या एका कायद्याने दुसऱ्या कंपन्यांचे समभाग नुसते बाळगणाऱ्या धारक कंपन्यांना करातून सूट दिली होतीच. १९८५ मध्ये युरोपात सर्वत्र विकता येतील अशा फंडांविषयी सामाईक नियम ठरले आणि ते सर्वांच्या आधी, १९८८ मध्ये, आपल्या कायद्यात आणणारा देश म्हणजे लक्झेंबर्ग. मोठे देश समित्या नेमत होते तोवर या दुकानाची फळी उघडलेली होती. आज इथे नोंदलेल्या फंडांतली मालमत्ता साडेपाच लाख कोटी युरोंच्या पुढे आहे. देशाचे वर्षभराचे एकूण उत्पन्न ऐंशी-नव्वद अब्ज युरोंच्या घरात, म्हणजे साठपटीहून अधिक परक्यांचा पैसा या पत्त्यावर मुक्कामाला आहे. सरकार त्यावर घेते ते अगदी चिमूटभर: सर्वसाधारण फंडावर वर्षाला ०.०५ टक्का, काही प्रकारांवर ०.०१. पण डोंगराएवढ्या धान्यातली चिमूटही पोतेभर होते. त्याखेरीज हिशेबनीस, वकील, लेखापरीक्षक, बँका आणि त्यांचे पगार.

हे सगळे पाहून माझ्या मनात एक चित्र पक्के झाले आहे: हा देश सार्वभौमत्वाचे किरकोळ दुकान चालवतो. स्वतंत्र राष्ट्र असल्यामुळे कायदा करण्याचा जो हक्क असतो, तोच कच्चा माल. उपग्रहांसाठी आकाशातल्या जागा मिळाल्या, तर १९८५ मध्ये सरकारच्या पाठबळाने उपग्रह कंपनी निघाली आणि तीन वर्षांत तिचा पहिला उपग्रह वर गेला. लघुग्रहांवरची खनिजे काढणाऱ्याच्या मालकीची, असा कायदा युरोपात पहिल्यांदा २०१७ मध्ये इथेच झाला. बेल्जियमच्या सीमेवर मार्तलांज नावाचे गाव आहे, तिथे रस्त्याच्या एका बाजूला बेल्जियमची घरे आणि दुसऱ्या बाजूला, लक्झेंबर्गच्या हद्दीत, पेट्रोलपंपांची रांग. इंधनावर कर कमी, तंबाखूवर कमी, म्हणून शेजारच्या गाड्या आणि दूरचे ट्रक टाकी भरून जातात. बांद्याच्या पुढे पत्रादेवी नाका ओलांडून पेट्रोल भरायला जाणाऱ्या माणसांत मी वाढले आहे, मला यात नवल वाटले नाही. मात्र त्या इंधनाचा धूर आंतरराष्ट्रीय हिशेबात विकणाऱ्या देशाच्या नावावर लागतो, आणि त्यामुळे दरडोई कर्बउत्सर्जनाच्या यादीतही हा देश बदनाम होतो. उत्पन्नाच्या आकड्यात ज्या छेदाने त्याला मोठे केले, त्याच छेदाने त्याला इथे गाठले.

अशा दुकानाची अडचण ही, की गल्लीतले मोठे दुकानदार एकत्र आले तर ते एका दिवसात फळी लावायला भाग पाडू शकतात. २०१४ च्या नोव्हेंबरात इथल्या करखात्याने बड्या कंपन्यांना दिलेली करसवलतींची शेकडो गोपनीय पत्रे पत्रकारांनी उघड केली. त्याच्या काहीच दिवस आधी, जवळजवळ एकोणीस वर्षे इथले पंतप्रधानपद भूषवलेले झाँ-क्लोद युंकर युरोपीय आयोगाचे अध्यक्ष झाले होते. २०१५ च्या १ जानेवारीला एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या. बँकखात्यांची माहिती इतर देशांना आपोआप पाठवणे सुरू झाले, आणि इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या सेवांवरचा मूल्यवर्धित कर विक्रेत्याच्या नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या देशाला जाऊ लागला. सरकारने त्याच दिवशी स्वतःच्या मूल्यवर्धित कराच्या दरात १५ वरून १७ टक्के अशी वाढ केली. आता मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कर लावण्याचा नियमही आला आहे. प्रत्येक धक्क्यानंतर देश संपला असे म्हटले गेले आणि प्रत्येक वेळी तो उभा राहिला, हे खरे. तरी पुढचा कच्चा माल कोणता, याचे उत्तर दर खेपेला अधिक अवघड होत आहे. माझ्यापुरते बोलायचे तर ज्या कामासाठी मला पुण्याहून इथे आणले, त्यातले निम्मे काम गेल्या तीन वर्षांत पुन्हा पुण्याला गेले. पत्ता इथला, हिशेब तिकडचा, हे आमच्या वरिष्ठांचे वाक्य मी इथल्या बैठकांत इंग्रजीतून ऐकते.

आता खर्चाची बाजू. इथे पगार महागाईला दोरीने बांधलेले आहेत. किमतींचा निर्देशांक अडीच टक्के वर गेला, की देशातला प्रत्येक पगार आणि प्रत्येक पेन्शन अडीच टक्क्यांनी वाढते. १९७५ पासून सर्वांना लागू असलेल्या या व्यवस्थेला सगळे नुसते 'इंडेक्स' म्हणतात. ऊर्जेच्या किमती भडकल्या तेव्हा २०२२ मध्ये एक हप्ता पुढे ढकलला गेला आणि मग २०२३ या एकाच वर्षात फेब्रुवारी, एप्रिल आणि सप्टेंबर असे तीन हप्ते आले. मालकवर्ग म्हणतो की यामुळे आम्ही जर्मनीशी स्पर्धा हरतो. कामगार संघटना म्हणतात की सामाजिक शांततेची ही किंमत आहे आणि ती स्वस्त आहे. मला संघटनांचे म्हणणे अधिक पटते, पण त्यातला एक काटा डोळ्याआड करता येत नाही: अडीच टक्के म्हणजे वरच्या साहेबाला दरमहा पाचशे युरो आणि जिना पुसणाऱ्या बाईंना सत्तरही नाहीत. किमान वेतन सुमारे २,७०० युरो आहे, ऐकायला भरघोस. तरीही नोकरी असून दारिद्र्याच्या उंबरठ्यावर असणाऱ्यांचे प्रमाण युरोपीय संघात ज्या देशांत जास्त आहे, त्यांत या श्रीमंत देशाचे नाव येते. इंडेक्स पगार वाढवतो, भाडे त्याच्यापुढे धावते आणि दोघांच्या मधली माणसे सीमेपलीकडे सांडतात.

पेन्शनचे गणित याहून खोल आहे. पगाराच्या २४ टक्के रक्कम पेन्शनसाठी जाई, त्यात कामगार, मालक आणि सरकार यांचे प्रत्येकी आठ. २०२६ पासून ते प्रत्येकी साडेआठ झाले. आज तिजोरी भरलेली आहे आणि राखीव निधी पंचवीस अब्ज युरोंहून मोठा आहे. भरलेली असण्याचे कारण असे, की गेली तीस वर्षे नोकऱ्या वाढत गेल्या आणि त्यावर तरुण माणसे येत गेली: माझ्यासारखी विमानाने, माझ्या सहकारीसारखी रेल्वेने. ती वर्गणी भरत होती आणि पेन्शन घेत नव्हती. पण तीही म्हातारी होणारच, आणि तेव्हा त्यांचे पैसे फ्रान्समधल्या लोरेनच्या आणि बेल्जियममधल्या वालोनियाच्या टपालपेट्यांत जातील. सामाजिक सुरक्षा निरीक्षणालयाचा अंदाज असा, की वर्गणीपेक्षा खर्च लवकरच मोठा होईल आणि आहे तसेच चालू राहिले तर २०४५ च्या आसपास राखीव निधी आटेल. हे टाळण्याचा एक मार्ग म्हणजे नोकऱ्या अशाच वाढत ठेवणे. युंकर यांनी २००१ मध्येच इशारा दिला होता, की त्या वर्षी मान्य झालेल्या पेन्शनवाढीसाठी सात लाख वस्तीचा देश लागेल. तेव्हा देशाची वस्ती साडेचार लाखांच्या आत होती आणि सात लाख हा शब्द लोकांना घाबरवण्यासाठी वापरलेला होता. आता ती संख्या हाकेच्या अंतरावर आली आहे, आणि तरीही पेन्शन पुरत नाही असे आढळल्याने पंतप्रधान ल्युक फ्रीडन यांनी दुरुस्ती काढली. २८ जून २०२५ ला त्याविरुद्ध राजधानीत मोठा मोर्चा निघाला. माझी सहकारी शनिवार असूनही खास गाडी पकडून आली होती.

म्हणजे वचन पाळायचे तर वाढ हवी, वाढीसाठी माणसे हवीत, आणि माणसांसाठी घर नाही, रस्ता नाही, गाडीत उभे राहायला जागा नाही. फ्रान्समधल्या मेट्झकडून येणारा हमरस्ता सकाळी सातपासून तुंबलेला असतो. २०२० च्या फेब्रुवारीअखेरीस देशभरातली बस, ट्राम आणि दुसऱ्या वर्गाची रेल्वे फुकट झाली, जगात कौतुक झाले. पण फुकट तिकीट सीमेवर संपते आणि तिथपासून पलीकडचे भाडे भरावे लागते. पलीकडच्या फ्रेंच गावांचे महापौर विचारतात, की आमच्याकडे शिकलेल्या नर्सा तुमच्या रुग्णालयांत, त्यांच्या मुलांच्या शाळा आणि रस्ते मात्र आमच्या खर्चाने, मग कराचा वाटा आम्हाला का नाही? बेल्जियमला असा काही वाटा मिळतो, फ्रान्सला रेल्वेमार्गांसाठी मदत मिळते, थेट वाटा नाही. २०२० च्या मार्चमध्ये सीमा मिटू लागल्या तेव्हा इथल्या सरकारने सीमेपलीकडून येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी हॉटेलांच्या खोल्या घेतल्या, कारण ते आले नसते तर अतिदक्षता विभाग चालले नसते. ज्या देशातल्या शेंगेन गावाजवळ मोझेल नदीतल्या बोटीवर १९८५ मध्ये सीमा उघडण्याचा करार झाला, त्याच देशाला लागून असलेल्या आपल्या सीमेवर जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून पुन्हा तपासणी लावली.

आणि आता ती मतदारयादी. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत सुमारे २ लाख ८७ हजार मतदार होते. देशातल्या नोकऱ्या पाच लाखांच्या आसपास. मतदारांमध्ये निवृत्त आणि सरकारी नोकर भरपूर, बहुतेकांचे स्वतःचे घर, अनेकांची थोडीफार जमीन. घरांच्या किमती उतरवणारा, पेन्शन कापणारा किंवा रिकाम्या भूखंडावर कर लावणारा पक्ष त्यांच्यापुढे काय तोंड घेऊन जाणार? परदेशी रहिवाशांना संसदेसाठी मत द्यावे का, असे २०१५ मध्ये सार्वमताने विचारले, तेव्हा ७८ टक्के मतदारांनी नाही म्हटले. मला त्यांचा राग येत नाही. 'मिर वेले ब्लाइव्ह वाट मिर सिन', आम्ही आहोत तसेच राहू इच्छितो, हे त्यांचे राष्ट्रीय ब्रीद आहे. दोनदा जर्मन फौजा घरात शिरलेल्या, कधी प्रशियाच्या जकातसंघात तर कधी बेल्जियमच्या फ्रँकला बांधलेल्या या लोकांना आपली भाषा आणि आपले मत एवढेच स्वतःचे उरले होते. १९८२ मध्ये बेल्जियमने फ्रँकचे मूल्य कमी केले तेव्हा भागीदार असलेल्या लक्झेंबर्गशी धड सल्लामसलतही केली नव्हती, हे जुनी माणसे अजून बोलून दाखवतात. त्यातून आलेला हट्ट मी समजू शकते. तरी हिशेबनीस म्हणून मला दिसते ते एवढेच, की बिल कोण भरणार हे ठरवणारे आणि बिल भरणारे यांच्यातले अंतर दरवर्षी वाढत आहे.

या सगळ्यांना एकाच यादीत घेणारे एक मतदान मात्र आहे. नोकरदारांच्या परिषदेची निवडणूक दर पाच वर्षांनी होते आणि तिला राष्ट्रीयत्वाची अट नाही, राहत्या पत्त्याचीही नाही. २०२४ च्या मार्चमध्ये तिच्या मतपत्रिका टपालाने घरोघरी गेल्या. माझी एशला आली, सहकारीची तिओंव्हीलला, जिना पुसणाऱ्या बाईंची ओदँ-ल-तीशला. बाईंनी ती भरण्यासाठी चष्मा घेऊन माझ्याकडे धाव घेतली. वीस मिनिटे आम्ही दोघी उमेदवारांची नावे वाचत जिन्यात बसलो होतो. ही परिषद विधेयकांवर अभिप्राय देते. कायदा करत नाही.

गेल्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वहीत एकच चौकोन रिकामा उरला होता. गुरुवारी सकाळी तिओंव्हीलला बर्फ पडले आणि रेल्वेने दीड तास उशीर जाहीर केला. तिने घरूनच काम करावे, कोणी काही म्हणणार नाही, असे मी तिला फोनवर सांगितले. ती म्हणाली, नाताळाच्या आधी मुलीच्या शाळेत कार्यक्रम आहे, तो दिवस त्यासाठी ठेवलेला आहे. साडेअकराला ती आली, ओले बूट हीटरखाली सरकवले आणि खण उघडून वही जागेवर आहे का ते पाहिले.